'प्राणघातक' विद्येचा ताळेबंद

मारामारीची विद्या शिकवणारे वर्ग आज वस्त्यावस्त्यांतून निघाले आहेत. कुठे शाळेची खोली भाड्याने घेतलेली असते, कुठे समाजमंदिराचे सभागृह, तर कुठे नुसतेच मैदान. कराटे, तायक्वांदो, कुंगफू अशी नावे फलकांवर असतात. त्यांतले अनेक वर्ग चांगले आहेत, मुलांना शिस्त लावतात, हे आधीच सांगून टाकतो. परंतु काही ठिकाणी याहून मोठा दावा केला जातो. आमची विद्या हजारो वर्षांची आहे, गुप्त आहे, आणि इतकी प्राणघातक आहे की स्पर्धेत तिला परवानगीच मिळत नाही, असे तेथील गुरुजी सांगतात. दुसरीकडे आपलीच मुले रात्री मोबाईलवर जाळीच्या पिंजऱ्यातल्या झुंजी पाहत बसतात. त्या झुंजींना मिक्स्ड मार्शल आर्ट्स, थोडक्यात एमएमए म्हणतात. मग मुले विचारतात, यातला खरा कोण? पिंजऱ्यातला गडी की गुप्त विद्येचा गुरू?

हा प्रश्न मुलांचा म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हातावर पोट असलेला बाप पोटाला चिमटा घेऊन वर्गाची फी भरतो. रात्रपाळी करून एकटी घरी येणारी मुलगी, आपल्याला काहीतरी येते या भरवशावर अंधाऱ्या गल्लीतून चालत असते. तो भरवसा ऐन वेळी खोटा निघाला तर? म्हणून या विषयाची जमा आणि नावे एकदा मांडून पाहावी, असे आम्हांस वाटले.

डेन्व्हरची ती रात्र

दिनांक १२ नोव्हेंबर १९९३. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरी एक अजब स्पर्धा भरली. नाव होते अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप. आठ लढवय्ये, आठ वेगवेगळ्या वाटांनी आलेले. कोणी मुष्टियोद्धा, कोणी कराटेवाला, कोणी तायक्वांदोवाला, एक सुमो पैलवान, एक फ्रेंच पद्धतीने लाथा मारणारा डच गडी. प्रश्न एकच होता, या सर्वांत श्रेष्ठ विद्या कोणती? वजनाचे गट नव्हते. गुण देणारे पंच नव्हते. चावू नये आणि डोळ्यांत बोटे घालू नयेत, एवढी बंधने मात्र होती.

पहिल्याच लढतीत जेरार्ड गोर्दो या डच लढवय्याने धिप्पाड सुमो पैलवान तेइला तुली याच्या तोंडावर लाथ मारली आणि त्याचा दात उडवला. लढत २६ सेकंदांत संपली. प्रेक्षकांना वाटले, हाच जिंकणार. परंतु रात्र संपली तेव्हा विजेता ठरला तो जेमतेम ८० किलो वजनाचा ब्राझीलचा रॉइस ग्रेसी. त्याने एका रात्रीत तिघांना नमवले आणि तिन्ही लढतींचा एकूण वेळ पाच मिनिटांपेक्षाही कमी भरला. त्याने कोणाचे हाड मोडले नाही, कोणाचा दात पाडला नाही. प्रतिस्पर्ध्याला बिलगायचे, जमिनीवर आणायचे आणि विळखा घालून शरण यायला लावायचे, एवढेच त्याचे तंत्र. अंतिम लढतीत त्याने त्याच गोर्दोला गळ्याचा विळखा घालून हरवले. प्राणघातक म्हणवणाऱ्या फटक्यांना तेथे फटका मारण्याइतकी जागाच उरली नाही!

नियम कसे आले

सुरुवातीच्या या झुंजी पाहून अमेरिकेत गदारोळ झाला. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली. न्यूयॉर्क राज्याने १९९७ साली बंदी घातली, ती २०१६ साली उठली. टीका झोंबली, पण तिचा उपयोगही झाला. १९९७ साली वजनाचे गट आले, त्याच वर्षी हातमोजे सक्तीचे झाले, १९९९ साली पाच पाच मिनिटांच्या फेऱ्या ठरल्या. पुढे न्यू जर्सी राज्याच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने २००० आणि २००१ साली पुढाकार घेऊन एकसारखे नियम घडवले. २००९ साली अमेरिकेतील नियंत्रण मंडळांच्या संघटनेने ते स्वीकारले.

आज साधी लढत तीन फेऱ्यांची, अजिंक्यपदाची पाच फेऱ्यांची असते. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती. ठोसा, लाथ, गुडघा, कोपर, कुस्तीचे डाव, सांध्याचा पीळ आणि गळ्याचा विळखा या सर्वांना परवानगी आहे. मनाई कशाला आहे, ती यादी वाचली की माणसाने माणसाला किती तऱ्हांनी दुखवले आहे याचा इतिहासच समोर येतो. डोक्याने टक्कर मारणे, चावणे, डोळ्यांत बोटे घालणे, गालफडात बोट अडकवून ओढणे, केस ओढणे, जांघेत मारणे, घशावर प्रहार करणे, मणक्यावर किंवा डोक्याच्या मागे मारणे, एखादे बोट धरून मोडणे, पडलेल्याच्या डोक्याला लाथ मारणे, त्याला पायाखाली तुडवणे, हे सारे निषिद्ध. हरणाऱ्याने हाताने दोनदा थोपटले की लढत तत्क्षणी थांबते. पंचाला वाटले की हा आता स्वतःचा बचाव करू शकत नाही, तर तो मध्ये पडतो. डॉक्टर हजर असतो.

ही बुद्धी आजची नव्हे. प्राचीन ग्रीसमधील ऑलिंपिकमध्ये इसवी सनपूर्व ६४८ पासून पँक्रेशन नावाची झुंज होत असे. तिच्यात जवळजवळ सर्व काही चाले. मनाई होती ती चावायला आणि डोळे काढायला! अडीच हजार वर्षांनी डेन्व्हरमध्येही तीच दोन बंधने पुरेशी वाटावीत, आणि मग अनुभवाने एकेक नियम वाढत जावा, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी रक्त असते. मुष्टियुद्धात १९८२ साली किम डुक कू हा कोरियन मुष्टियोद्धा चौदाव्या फेरीत कोसळून मरण पावला, तेव्हा कुठे पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या.

'आमची विद्या स्पर्धेत बसत नाही'

आता प्राणघातक विद्येच्या गुरुजींचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, आम्ही डोळ्यावर, घशावर, जांघेत वार करतो. तुमच्या नियमांनी आमचे हातच बांधले जातात. नियम काढा, मग पाहा!

या युक्तिवादाचे उत्तर जपानमध्ये मिळाले, आणि ते फार दुःखद रीतीने मिळाले. १९९५ च्या एप्रिल महिन्यात टोकियोत भरलेल्या स्पर्धेत युकी नाकाई हा सुमारे ७० किलोचा तरुण उतरला. समोर तोच गोर्दो, वजनाने कितीतरी भारी. गोर्दोने नियम मोडून नाकाईच्या उजव्या डोळ्यात बोट खुपसले. जी प्राणघातक युक्ती म्हणून सांगितली जाते तीच त्याने वापरली. काय झाले? नाकाई लढत राहिला आणि चौथ्या फेरीत गोर्दोच्या टाचेला पीळ देऊन त्याला शरण आणले. त्याच रात्री एका डोळ्याने त्याने आणखी एक लढत जिंकली आणि अंतिम लढतीत तो हरला. परंतु त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली.

या एका प्रसंगात दोन्ही गोष्टी आहेत. डोळ्यात घातलेल्या बोटाने लढत जिंकता आली नाही. पण एका तरुणाचा डोळा मात्र गेला. म्हणूनच ते कृत्य निषिद्ध आहे. ते अजिंक्य आहे म्हणून कोणी त्याला मनाई केलेली नाही.

येथे एक गंमतही सांगण्याजोगी आहे. कोपर सरळ वरून खाली मारायला अनेक वर्षे बंदी होती. ज्येष्ठ पंच जॉन मॅकार्थी सांगतात की, नियम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दूरदर्शनवर कराटेवाल्यांना अशा कोपराने बर्फाच्या लाद्या फोडताना पाहिले होते, आणि हा मार माणसाचा जीवच घेईल अशी त्यांची समजूत झाली होती. या नियमाखाली २००९ साली जॉन जोन्स हा जिंकत आलेला लढवय्या बाद ठरला. शेवटी १ नोव्हेंबर २०२४ पासून तो नियम एकसारख्या नियमावलीतून गेला. बर्फाची लादी उलटून मारत नाही आणि जागची हलतही नाही, हे कळायला इतकी वर्षे लागली.

कानो गुरुजींचा शोध

मग बिनधोक डाव शिकलेला मनुष्य प्राणघातक डाव शिकलेल्याला भारी का पडतो? याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच एका शिक्षकाने शोधले होते. त्यांचे नाव जिगोरो कानो. अंगाने लहानखुरे, शाळेत दांडग्या मुलांकडून छळले गेलेले. त्यांनी जुन्या जुजुत्सू विद्येच्या दोन घराण्यांचे शिक्षण घेतले आणि १८८२ साली टोकियोतील एइशोजी या बौद्ध विहाराच्या आवारात बारा चटयांच्या जागेत आपली शाळा काढली. तिचेच पुढे ज्युदो झाले.

कानोंनी काय केले? जे डाव खऱ्या जोरात केले तर जोडीदार लुळा होईल, ते त्यांनी बाजूला काढून ठराविक कवायतीत ठेवले. जे डाव पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या जोडीदारावर, रोजच्या रोज करता येतील त्यांचा सराव चालू केला. याचा परिणाम साधा आहे. ज्याने एक फेक हजार वेळा धडपडणाऱ्या माणसावर करून पाहिली आहे, त्याच्या अंगात ती भिनते. ज्याने घशावरचा वार फक्त हवेत किंवा गुपचूप उभ्या राहिलेल्या चेल्यावर केला आहे, त्याला तो वार ऐन वेळी साधेल की नाही हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. १८८०च्या दशकात टोकियोच्या पोलीस खात्याने भरवलेल्या लढतींत कानोंच्या शिष्यांनी जुन्या जुजुत्सू घराण्यांच्या पैलवानांना मात दिली. कानोंच्या शाळेतला मायेदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचला, त्याने ग्रेसी कुटुंबातील मुलाला शिकवले, आणि त्याच घरातला रॉइस १९९३ साली डेन्व्हरला जिंकला.

आपल्या मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. तालमीत वस्ताद काय करतात? जोर-बैठका होतात आणि मग रोज लढत होते. समोरचा गडी तुमचा डाव हाणून पाडायलाच उभा असतो. तेथे गुप्त काही नाही. पाठ मातीला लागली की लागली, सारे गाव पाहते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले, ते हजारो डोळ्यांसमोर निकाल लागावा म्हणूनच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतून निघाले आणि १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आले. पिंजऱ्यातल्या झुंजींतही कुस्तीचा पाया असलेले गडी वरचढ ठरत आले आहेत, ते याच कारणाने.

हात न लावता पाडणारे गुरू

तपासणी नसली की विद्येची बुवाबाजी कशी होते, याचा नमुना जपानमध्येच पाहायला मिळाला. यानागी र्‍युकेन नावाचे एक गुरू नुसता हात हलवत आणि त्यांचे शिष्य दूरवर धडाधड कोसळत. शिष्य खोटे वागत होते असेही म्हणवत नाही. गुरूपुढे उभे राहिले तर पडायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. वर्षानुवर्षे हे पाहून गुरूंचाही स्वतःवर विश्वास बसला. २००६ साली त्यांनी पाच लाख येनची पैज लावून इवाकुरा गो या एमएमए लढवय्याला रिंगणात बोलावले. त्यांनी हात हलवला. इवाकुरा काही पडला नाही. तो चालत पुढे आला आणि थोड्याच वेळात वयस्कर गुरुजी रक्तबंबाळ होऊन खाली पडले. आम्हांला त्या म्हाताऱ्याची कीव येते. परंतु त्याला त्या रिंगणापर्यंत पोहोचवले ते प्रश्न न विचारणाऱ्या शिष्यांनी.

चीनमध्ये झाले ते याहून बोलके आहे. एप्रिल २०१७ मध्ये चेंगदू शहरात शू शियाओदोंग या एमएमए लढवय्याने ताई चीचे एक गुरू वेई लेई यांना अर्ध्या मिनिटाच्या आत हरवले. या गुरूंना त्याआधी दूरदर्शनवर दैवी शक्तीचे चमत्कार करताना दाखवले होते. लढतीनंतर लोकांनी चमत्कारांची चौकशी करावी की नाही? रोष ओढवला तो शूवरच! परंपरेचा अपमान केला म्हणून त्याच्यावर झोड उठली. पुढे एका नामवंत गुरूची बदनामी केल्याच्या खटल्यात न्यायालयाने २०१९ साली त्याला माफी आणि भरपाईचा आदेश दिला, आणि विमानाची व वेगवान रेल्वेची तिकिटे काढायलाही त्याला बंदी झाली. शूची जीभ तिखट आहे, हे खरे. परंतु जुने म्हणून पवित्र, आणि पवित्र म्हणून प्रश्न विचारायचा नाही, हा न्याय आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. तो कोठेही दिसला तरी आपल्याला ओळखता आला पाहिजे.

आपल्याला गोड वाटणारी कथा

इतरांना तपासणी सांगणे सोपे आहे. आपलीही एक कथा आपण तपासली पाहिजे. भारतातून गेलेल्या भिक्खू बोधिधम्मांनी शाओलिन विहारात कुंगफू शिकवले, असे आपल्या कार्यक्रमांतून अनेकदा सांगितले जाते. ऐकताना छाती फुगते. परंतु इतिहासकारांनी शोध घेतला तेव्हा ही कथा सतराव्या शतकातील एका पुस्तकापाशी जाऊन थांबली. त्या पुस्तकाला हजार वर्षांपूर्वीची वाटावी अशी बनावट प्रस्तावना जोडलेली आहे.

मग सत्य काय उरते? शाओलिन विहार इसवी सन ४९५ च्या सुमारास भारतातून आलेल्या एका भिक्खूसाठी बांधला गेला. ६२१ साली तेथील भिक्खूंनी राजपुत्र ली शिमिन याला लढाईत मदत केली, आणि ७२८ सालच्या शिलालेखात त्यांपैकी तेरा जणांची नावे आहेत. शिलालेखावर कोरलेले हे सत्य दंतकथेपेक्षा कमी तोलाचे आहे का? तथागतांनी केसपुत्त नगरीत कालामांना जो उपदेश केला, त्याचा आशय हाच की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. तो उपदेश फक्त दुसऱ्यांच्या दंतकथांना लावायचा नसतो.

शील आणि बळ

काही समाजबांधव विचारतील, पंचशील घेणाऱ्यांनी असल्या झुंजींकडे पाहावे तरी का? शंका रास्त आहे. या खेळात डोक्याला मार बसतो आणि मेंदूची इजा वर्षांनी उघडी पडते. २००७ साली ह्यूस्टन येथे नियमबद्ध लढतीनंतरही एक खेळाडू मेंदूतील रक्तस्रावाने दगावला. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे यांग जियानबिंग हा चिनी तरुण वजन उतरवण्यासाठी शरीरातले पाणी कमी करता करता, लढतीआधीच मरण पावला. त्यानंतर त्या संस्थेने वजनाची पद्धत बदलली. म्हणून या धंद्यात मुलांना ढकला, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

परंतु बळ वाईट नसते. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेकडे तत्त्व म्हणून पाहायला शिकवले आहे, आंधळा नियम म्हणून नव्हे. समता सैनिक दलाच्या सैनिकाला लाठी येत होती आणि ती केव्हा खाली ठेवायची हेही येत होते. पिंजऱ्यातही आम्हांला सर्वांत मोलाचा क्षण तोच वाटतो, जेव्हा हरणारा हाताने थोपटतो आणि दुसऱ्याचा हात मोडण्याची ताकद असलेला माणूस तत्काळ विळखा सोडतो. असा संयम प्राणघातकपणाच्या बढायांतून शिकता येत नाही.

पालकांनी काय विचारावे

८ जून २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्याच्या बुढाना गावची पूजा तोमर ही मुलगी यूएफसीमध्ये लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. आपल्या मुलीही शिकायचे म्हणतील आणि त्यांनी शिकावे. मात्र फी भरण्यापूर्वी आई-वडिलांनी वर्गात जाऊन तासभर बसावे आणि चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, येथे मुले एकमेकांशी खरोखर झटतात का? समोरचा विरोध करतो, की ठरल्याप्रमाणे पडतो? दुसरी, थांबवण्याची सोय आहे का? थोपटले की सोडतात का, आणि लहान मुलांच्या डोक्यावर मार बसू नये याची काळजी घेतात का? तिसरी, पट्टा कसा मिळतो? परीक्षेने की पैशाने? चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रश्न विचारल्यावर शिक्षक समजावून सांगतात की रागावतात?

मुलींच्या एका दिवसाच्या शिबिरांबद्दलही एक शब्द. एका दिवसात जागृती होते, सराव होत नाही. मनगटाची पकड सोडवणे, ओरडणे आणि पळणे एवढे तीन धडेसुद्धा ताकदवान जोडीदाराबरोबर महिनोन्‌महिने घोटावे लागतात. जी ताई हे स्पष्ट सांगते, तिच्याकडे मुलगी बिनधास्त पाठवावी. जी एका बोटाने गुंडाला लोळवण्याचे वचन देते, तिच्यापासून दूर राहावे.

हिशेबाच्या वहीत जी रक्कम कोणालाही तपासू दिली जात नाही, ती तिजोरीत आहे असे कोणताही लेखापरीक्षक मानत नाही. विद्येचेही तसेच आहे. आपल्या मुलामुलींनी जे काही शिकावे, मग ती कुस्ती असो, ज्युदो असो की शाळेतले गणित, ते उजेडात, सर्वांसमोर, नियमाने तपासून घेतलेले असावे. अंधाऱ्या गल्लीत त्यांना तेवढेच कामास येईल.